गड्याच्या पगारातली कपात : कुठवर चालते?

ऊस बिलाची पावती हाती पडली की सभासद बंधूंची नजर आधी कपातीच्या रकान्यावर जाते. सोसायटीचे किती, ठेवीचे किती. एखादा आकडा उमगला नाही तर आपण शेतकी ऑफिसात येऊन जाब विचारतो. विचारलाच पाहिजे. तसाच जाब आपल्या सालगड्याने विचारला तर?

गटसभांतून खतापाण्याच्या जोडीला आम्हाला हल्ली हेही विचारतात, "साहेब, गड्याचे पैसे कापता येतात का हो?" येतात. पण मनाला येईल तसे नाही.

कोणती कपात चालते याची यादी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घालून दिली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली. यादी बरीचशी तीच राहिली. यादीबाहेरचे कापायचे नाही, आणि सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारावर जाता कामा नये.

भांडण होते ते खाड्यावरून. समजा, रोज ६०० रुपयांचा आहे. एक दिवस गडी आला नाही, तर ६०० कापा. 'खाडा केलास, आता हजार भर' असे म्हटले की वरचे ४०० हा दंड झाला, आणि दंडाचा मामला निराळा. कोणत्या चुकीला दंड, ते शासनाची मंजुरी घेऊन आधी जाहीर केलेले हवे, गड्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, रक्कम पगाराच्या ३ टक्क्यांच्या आत हवी. शिवाय तो पैसा मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्याच हितासाठी खर्चावा लागतो. तेव्हा बांधावर उभे राहून लावलेला दंड कायद्यात बसत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

नुकसानीचेही तसेच. वस्तू गड्याच्या ताब्यात दिलेली असावी आणि त्याच्याच हयगयीने बिघडलेली असावी, तरच भरपाई, तीही झालेल्या नुकसानीपुरती. लाईट कमी-जास्त होऊन मोटर जळाली, ती गड्याच्या माथी मारता येत नाही.

आता उचल. कामावर येण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण पगारातून वळती करता येते. मात्र येण्याच्या प्रवासासाठी म्हणून दिलेले पैसे परत कापता येत नाहीत, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. टोळीच्या बाबतीत तर मुकादमाच्या वहीतला आकडा एक आणि मजुराच्या ध्यानातला दुसरा, असे दर हंगामाला दिसते. त्यातून 'उचल फिटल्याशिवाय गावाकडे जायचे नाही' म्हणून कुणाला अडवून ठेवले, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे कपातीचा प्रश्नच उरत नाही.

'आमचे दोन गडी, आम्हाला कुठला कायदा?' असेही काही जण म्हणतात. शेतीकामाला पाचपर्यंत माणसे असतील तर संहितेने रजिस्टर आणि पगारपत्रक माफ केले आहे, एवढेच. निरीक्षकाने मागितल्यास पैसे दिल्याचा पुरावा दाखवावाच लागतो. गड्याला तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो आणि पैसे पोचल्याचे सिद्ध करणे मालकाकडे असते. साध्या वहीत तारीख, उचल, खाडे, कपातीचे कारण आणि गड्याची सही किंवा अंगठा घेत जा, आणि त्याच पानाची एक प्रत त्यालाही द्या.

— ऊस विकास अधिकारी