गाडीतला गारवा गेला कुठे?

आपट्याहून पनवेल काही फार लांब नाही. पण एप्रिलच्या दुपारी, नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आजीला मागच्या सीटवर बसवून आणायचे असेल तर तेवढी वाटही सरता सरत नाही. काच उघडावी तर धुरळा डोळ्यांत जायची भीती, मिटावी तर गाडीची भट्टी होते. अशा वेळी एसीचे बटण दाबले आणि तोंडावर गरम वारा आला, म्हणजे काय वाटते ते ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्यालाच कळेल!

ही हकिगत आमच्या आपट्याच्या नातलगांची. त्यांची गाडी सेकंडहँड घेतलेली, पंधरा वर्षे पुरी झालेली. तीन उन्हाळे ओळीने त्यांनी एसीत गॅस भरून घेतला आणि तिन्ही वेळा दोन महिन्यांत गारवा गेला. शेवटी आजीच्या त्या फेरीनंतर त्यांनी मिस्त्रीला विचारले, "दादा, मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे?" मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी जुनी झाली की गॅस खातेच."

वाचकहो, हे ध्यानात ठेवा. गाडी पेट्रोल खाते, एसीचा गॅस खात नाही. तुमच्या घरातला फ्रीज वर्षानुवर्षे एकाच गॅसवर चालतो ना? गाडीचेही तत्त्व तेच. मात्र गाडी रस्त्यावर हादरते आणि तिचे सांधे रबरी वायसरांवर असतात, म्हणून कालांतराने थोडीफार गळती होते. पण दर उन्हाळ्याला गॅस संपत असेल तर कुठेतरी भोक आहे, हे नक्की. विहिरीवरचा पंप रोज पाणी सोडू लागला तर तुम्ही रोज वरून पाणी ओतत बसाल, की फूटव्हॉल्व्ह काढून पाहाल?

मुळात गारवा येतो कसा? माठाला पाझर फुटतो, पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते आणि माठ गार होतो. एसीत पाण्याच्या जागी गॅस असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर तो दाबतो. दाबलेला गरम गॅस रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड होऊन पातळ होतो. मग बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या जाळीत सुटतो, तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि आतली हवा गार पडते.

तेव्हा गॅरेजात जाण्याआधी घरच्या घरी काही गोष्टी पाहा. पंखाच फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा. पंखा फिरतो पण हवा गरम असेल, तर इंजिन चालू ठेवून कुणाला तरी एसीचे बटण दाबायला सांगा. बॉनेटखाली 'खट्' असा आवाज येऊन कॉम्प्रेसरचे तोंड फिरू लागले पाहिजे. आवाज आला नाही तर वायर, रिले किंवा गॅस यांपैकी कशात तरी खोट आहे. भाताच्या कोठाराशेजारी गाडी लावत असाल तर वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हे जरूर पाहा. (पाहताना साडीचा पदर, ओढणी आणि बाह्या पट्ट्यापासून दूर असू द्या.)

यानंतर कंडेन्सर. खळ्यावरचे तूस, पेंढ्याची कुसे आणि पावसाळ्यातला चिखल त्या जाळीत घट्ट बसतो. मग गॅस थंड व्हायला वाराच मिळत नाही. इंजिन गार असताना हलक्या धारेने जाळी धुवा. जोराच्या धारेने तिच्या नाजूक पट्ट्या वाकतात. गाडी चालताना गार आणि उभी राहिली की गरम, असे होत असेल तर पुढचा पंखा तपासून घ्या. वारा गार पण अगदी मंद येत असेल, तर आतला फिल्टर कोंदलेला असण्याचा संभव फार.

एवढे करूनही गुण आला नाही तर गळती शोधायला लागते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, म्हणून जिथून गॅस सुटतो तिथे तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो. पाइपांचे सांधे नीट न्याहाळा. मात्र नट सैल करायला जाऊ नका! आतला दाब मोठा असतो आणि उडालेला गॅस कातडी, डोळा गोठवून टाकतो. ते काम जाणत्या मिस्त्रीचेच. त्याला एवढे मात्र सांगा, की आधी गळती दाखव, खराब वायसर बदल, जोडणी उघडली आहे तर ड्रायरची डबीही नवी घाल, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि दमटपणा काढ, आणि मग गॅस वजनाने भर. किती ग्रॅम भरायचा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जास्त भरला तर जास्त गार होते हा समज चुकीचा आहे. उलट गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गाडी फारच जुनी असेल तर तिच्यात मुळात आर-१२ हा गॅस असेल. तो वातावरणातल्या ओझोनच्या थराला बाधक ठरला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन जगभर कमी होत गेले, भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला, आणि २०१० पर्यंत आपल्याकडेही ते बंद झाले. नंतरच्या गाड्यांत आर-१३४ए आला. जुन्या गाडीत तो भरायचा तर तेलही त्याला मानवणारे लागते. काहीजण स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देतात. त्याला साफ नकार द्या. तो पेट घेणारा आहे आणि त्याचा पाइप तुमच्या पायांपाशी आलेला असतो.

दुसरा धोका याहून वाईट. लग्नकार्यात, जत्रेत पोरे गाडीत निजवून, काचा मिटून, इंजिन आणि एसी चालू ठेवतात. जुन्या गाडीच्या धुराचा विषारी वायू आत शिरला तर त्याला ना वास ना रंग. निजलेले माणूस उठत नाही. हे कधीही करू नका.

नातलगांच्या गाडीत दोष निघाला तो कंडेन्सरच्या सांध्यावरच्या एका रबरी वायसरात, बोटातल्या अंगठीएवढ्या. आता ते पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवतात, म्हणजे तेल फिरते आणि रबर सुकत नाही. पावसात काचेवर आतून धरणारे धुकेही त्याने झटकन जाते. परवा गाडीखाली पाणी ठिबकताना पाहून आजी घाबरली होती. पण ते हवेतलेच दव, एसी बरा चालल्याची खूण. ते पाणी गाडीखाली न पडता आत पायांशी साचू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजा आणि ती साफ करून घ्या.