मोसंबीची बेरीज आणि ‘गोटू’
मी जालन्यात अकरावी-बारावीच्या मुलांना सी प्लस प्लस शिकवतो. एका मुलाने घरच्या मोसंबीच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून आणला. एकेका कॅरेटचं वजन टाकत जायचं, शेवटी शून्य टाकलं की एकूण वजन दिसायला हवं. याचं एकूण दरवेळी शून्यच यायचं.

छापील कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ओळीवर बोट ठेवून वाच. एकूण बरोबर शून्य. वजन घे. ते शून्य असेल तर शेवटी जा. नसेल तर एकूणमध्ये मिळव. मग आलं ‘गोटू परत’, म्हणजे ‘परत’कडे जा. ‘परत’ ही खूण शोधत बोट वर गेलं, ते थेट पहिल्या ओळीपाशी. “सर, बेरीज पुसली जातीय की!” खूण एकच ओळ जास्त वर बसली होती.

संगणक ओळीमागून ओळ पाळत जातो. मंठा चौफुलीला आपण गाव बघून वळतो, तसा ‘इफ’ अट बघून वळतो. ‘व्हाइल’ अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा करतो. कोराडो बोम आणि ज्युसेप्पे जाकोपिनी यांनी १९६६ साली दाखवून दिलं की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती एवढ्यावर कोणताही प्रोग्राम लिहिता येतो. ‘गोटू’ मात्र कुठूनही कुठेही उडी मारतो. १९६८ साली एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं: उड्या वाढल्या की चालू प्रोग्राम नेमका कुठवर आला, हे कागदावरून सांगता येत नाही.

जावा या भाषेत ‘गोटू’ हा शब्द राखून ठेवलाय, पण वापरता येत नाही. तरी त्याला सरसकट हाकलावं असं मला वाटत नाही. लिनक्सच्या गाभ्यात काम मध्येच फसलं, तर घेतलेली मेमरी परत करायला ‘गोटू’ आजही वापरतात. तिथे उडी नेहमी खाली, आवराआवरीकडे असते. पण जपून वापरावं लागतं: ॲपलच्या आयफोनमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. दुसरी ओळ ‘इफ’च्या ताब्यात नव्हती, त्यामुळे सुरक्षेची पुढची तपासणीच वगळली गेली.

त्या मुलाने प्रोग्राम ‘व्हाइल’ने पुन्हा लिहिला. जे पुन्हा करायचं ते महिरपी कंसात, ‘एकूण शून्य’ कंसाच्या बाहेर. यंदाच्या आंबिया बहाराची बेरीज त्याने त्यावरच केली.