ऑलिम्पिक परत पाठवणारं शहर

मित्रांनो, समजा उद्या सकाळी तुमच्या गावात बातमी आली, की पुढचं ऑलिम्पिक आपल्याकडेच भरणार! काय कराल? दप्तर फेकून चौकात नाचायला जाल, हो ना? फटाके वाजतील, पेढे वाटले जातील, ढोल-ताशे घुमतील. आणि तिसऱ्या दिवशी दारात कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन उभं राहील. गणपतीच्या वर्गणीला येतात ना, अगदी तसंच. फरक एवढाच, की या पावतीवर आकड्याची जागा कोरी! "तुम्ही आधी सही करा, आकडा आम्ही नंतर टाकतो."

आता बोला!

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपली आजी म्हणते. ऑलिम्पिक भरवायचं म्हणजे या दोन्ही गोष्टी एकदम करायच्या, आणि तेही साऱ्या जगाला आमंत्रण देऊन. तरीसुद्धा मोठमोठी शहरं या यजमानपणासाठी वर्षानुवर्षं धडपडतात. पण हाती आलेलं ऑलिम्पिक मतदान घेऊन परत पाठवणारं शहर आजवर एकच झालं. त्याचं नाव डेन्व्हर.

डेन्व्हर ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी. समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंचीवर वसलेली, म्हणून तिला 'मैलभर उंचीचं शहर' म्हणतात. पलीकडे रॉकी पर्वताच्या रांगा. हिवाळ्यात तिथे पोरंटोरंसुद्धा पायाला लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून सुसाट घसरत जातात. म्हणजे खेळाचं वावडं असलेलं गाव नव्हे हे, उलट बर्फावरच्या खेळांचं वेडच त्यांना!

मे १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९७६ च्या हिवाळी ऑलिम्पिकचा मान डेन्व्हरला दिला. योगही केवढा छान! त्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० आणि कोलोरॅडो राज्याला १०० वर्षं पूर्ण होणार होती. पुढारी खूश, हॉटेलवाले खूश, जमिनीचा धंदा करणारे तर फारच खूश.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. ऑलिम्पिक समितीला दाखवलेल्या आराखड्यात सगळ्या शर्यती शहराच्या जवळपासच होणार होत्या. त्यासाठी स्निक्टाऊ नावाचा डोंगर निवडला होता. पण त्या डोंगरावर शर्यतीपुरता बर्फच टिकत नाही, हे स्थानिक लोकांना पक्कं ठाऊक होतं. आराखड्यातल्या छायाचित्रात मात्र डोंगर पांढराशुभ्र! तो बर्फ आभाळातून पडलेला नव्हता, मित्रांनो. तो ब्रशने रंगवलेला होता.

डोंगरातल्या एव्हरग्रीन गावच्या लोकांना तर वेगळाच धक्का बसला. काही शर्यतींचे मार्ग थेट त्यांच्या वस्तीजवळून आखलेले होते, आणि त्यांना कोणी साधं विचारलंही नव्हतं! ओरड सुरू झाल्यावर संयोजकांनी जागा बदलायला घेतल्या. काही शर्यती तर थेट स्टीमबोट स्प्रिंग्जला न्यायचं ठरलं. हे गाव डेन्व्हरपासून जवळजवळ अडीचशे किलोमीटर दूर. म्हणजे पुण्याचं निमंत्रण आणि पंगत साताऱ्याच्याही पुढे कोल्हापूरला, असाच प्रकार.

आणि खर्च? सुरुवातीला सांगितला होता १ कोटी ४० लाख डॉलर. बघता बघता तो झाला ३ कोटी ५० लाख. हा आकडा तरी शेवटचा का, याला कोणाकडेच धड उत्तर नव्हतं.

राज्याच्या विधिमंडळात डिक लॅम नावाचे एक तरुण सदस्य होते. पेशाने वकील, आणि हिशेबतपासनीसही. असा माणूस कोरी पावती कशी सही करणार? त्यांनी आणि त्यांच्यासारख्या काही तरुण मंडळींनी ठरवलं, की हा प्रश्न लोकांसमोर न्यायचा. मग सुरू झाली सह्यांची मोहीम. दारोदार फिरून, दुकानांपुढे उभं राहून त्यांनी पंचाहत्तर हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. मतपत्रिकेवर प्रश्न छापायला लागत होत्या त्याहून कितीतरी अधिक.

इथे मला एक गंमत वाटते. 'ऑलिम्पिक नको' म्हणणाऱ्यांना लोक निरुत्साही म्हणाले, खेळाचे शत्रू म्हणाले, राज्याचं नाक कापणारे म्हणाले. पण स्वतःच्या पदरचा वेळ घालवून दारोदार कोण हिंडत होतं? निरुत्साही माणूस असं करतो का? तो तर घरी पाय पसरून बसतो!

७ नोव्हेंबर १९७२. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. त्याच दिवशी कोलोरॅडोच्या मतदारांनी या प्रश्नावरही मत दिलं. शंभरातले जवळजवळ साठ जण म्हणाले, राज्याच्या तिजोरीतून या खेळांसाठी पैसा द्यायचा नाही. झालं! काही दिवसांतच डेन्व्हरने ऑलिम्पिक रीतसर परत केलं. ते गेलं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. तिथे १९६४ मध्ये एकदा हिवाळी ऑलिम्पिक भरलेलं होतं, त्यामुळे बरीच मैदानं तयारच होती. १९७६ मध्ये इन्सब्रुकने दोन ज्योती पेटवल्या, एक आधीच्या खेपेची आणि एक या खेपेची. आणि डिक लॅम? दोनच वर्षांनी लोकांनी त्यांना राज्याचं गव्हर्नर म्हणून निवडून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? आलं असतं ऑलिम्पिक तर बिघडलं काय असतं?

याचं उत्तर त्याच वर्षी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मिळालं. १९७६ चं उन्हाळी ऑलिम्पिक तिथे भरलं. तिथले महापौर जाँ द्रापो मोठे हौशी गृहस्थ. ऑलिम्पिकमध्ये तूट येणं हे पुरुषाला मूल होण्याइतकंच अशक्य आहे, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि तूट आली! साधीसुधी नव्हे. ऋण काढून सण केला तो असा, की फेडता फेडता तीस वर्षं गेली. सिगारेटींवर खास कर बसवावा लागला आणि शेवटची बाकी फिटली २००६ साली. विचार करा, ऑलिम्पिकच्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेलं बाळ कर्ज फिटलं तेव्हा तीस वर्षांचं झालं होतं! स्टेडियमचा कलता मनोरा तर खेळ चालू असताना अर्धवटच उभा होता. तो पुरा व्हायला १९८७ उजाडलं.

पण थांबा, दुसरी बाजूही सांगायलाच हवी. याच मॉन्ट्रियलमध्ये १४ वर्षांची नादिया कोमानेची नावाची रुमानियाची मुलगी जिम्नॅस्टिक्सला उभी राहिली आणि तिने दहापैकी दहा गुण मिळवले. ऑलिम्पिकमध्ये असं कधी घडलंच नव्हतं. गुणफलकावर १० दाखवायची सोयच नव्हती, म्हणून बिचाऱ्याने १.०० दाखवलं! हा क्षण ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांना कर्जाचं दुःख थोडं कमी वाटलं असेल का? वाटलंही असेल. मात्र एक सांगून ठेवतो. नादियाची ही करामत कर्ज काढून बांधलेल्या भव्य स्टेडियममध्ये झाली नव्हती. ती झाली फोरम नावाच्या, १९२४ पासून उभ्या असलेल्या, आइस हॉकीच्या जुन्या सभागृहात.

मॉन्ट्रियलची दशा पाहून जगाला असा चटका बसला, की १९८४ च्या ऑलिम्पिकसाठी शेवटी एकटं लॉस एंजेलिसच उरलं. तिथल्या लोकांनी काय केलं? त्यांनीही मत दिलं. पण ते 'नको' म्हणाले नाहीत. 'जरूर भरवा, पण शहराच्या तिजोरीला हात लावायचा नाही', असा नियमच त्यांनी १९७८ मध्ये करून टाकला. आता संयोजकांपुढे पेच पडला. मग त्यांनी १९३२ च्या ऑलिम्पिकचं जुनं स्टेडियम झाडून-पुसून पुन्हा वापरलं. खेळाडूंना उतरवलं विद्यापीठांच्या वसतिगृहांत. पोहण्याचा तलाव आणि सायकल शर्यतीचा ट्रॅक कंपन्यांच्या पैशातून उभा केला. शेवटी हिशेब मांडला तेव्हा २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरले होते! त्यातला मोठा वाटा तुमच्यासारख्या मुलामुलींच्या खेळासाठी ठेवण्यात आला. आपल्या पी. टी. उषाचं ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं ना, ते याच जुन्या स्टेडियममध्ये.

आणि आपल्याकडे? १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी आम्ही तुमच्याएवढे होतो. आम्हाला कोणी मत विचारलं नव्हतं, पण उत्साह काय सांगू! रंगीत टीव्ही त्याच वर्षी आला. आमच्या चाळीत मात्र एकच संच होता, तोही काळा-पांढरा. त्याच्यासमोर अख्खी चाळ. अप्पू हत्तीचं चित्र प्रत्येकाच्या वहीवर. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ ने हरवलं आणि त्या रात्री चाळीत कोणी धड जेवलं नाही. तो आनंद खरा होता आणि ते दुःखही खरं होतं. खर्चाचा विचार आमच्या मनाला शिवलाही नाही.

२०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा पुन्हा दिल्लीत आल्या, तेव्हा वारं बदललेलं होतं. कामं रेंगाळली, खर्च कित्येक पटींनी फुगला. स्पर्धा तोंडावर आलेल्या असताना मुख्य स्टेडियमजवळचा बांधकाम चालू असलेला पादचारी पूलच कोसळला आणि कामगार जखमी झाले. लोकांचं मन उडालं. शाळांना सुट्टी होती, तरी सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी खुर्च्या रिकाम्या. डेन्व्हरच्या लोकांनी सह्या केल्या, मतं दिली. दिल्लीकरांना असं काही करायची सोयच नव्हती. ते आपले घरी बसले. निरुत्साह म्हणायचा तर तो हा.

खेळाडूंना मात्र घरी बसून चालत नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत १० हजार मीटर शर्यतीत धावली. पंचवीस फेऱ्या! ब्राँझपदक जिंकलं तिने. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. मग हॉकीत आपण पाकिस्तानला ७-४ ने हरवलं आणि स्टेडियम दणाणून गेलं. अखेरच्या दिवशी साइना नेहवालने सुवर्ण जिंकलं, ते भारताचं ३८ वं. त्या एका पदकाने आपण इंग्लंडला मागे टाकून दुसरे आलो. संयोजकांवरचा राग आणि खेळाडूंबद्दलचं कौतुक एकाच मनात मावतं, हे तेव्हा दिसलं.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये नक्की झालं आहे. २०३६ चं ऑलिम्पिक भरवायची भारताची इच्छा आहे, हेही ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच, ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात जाहीर झालं. २०३६ मध्ये तुम्ही कितीचे असाल, मोजा बरं! म्हणजे पावतीपुस्तक येईल तेव्हा दार उघडणारे तुम्हीच. मला विचाराल, तर मला ते ऑलिम्पिक इथे पाहायला फार आवडेल. फक्त आकडा आधी लिहिलेला हवा.

परदेशात मात्र ही विचारण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. २०१५ मध्ये हॅम्बुर्गचे लोक थोडक्या मतांनी 'नको' म्हणाले. २०१८ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीचेही. म्युनिकचे मतदार मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये भरघोस मतांनी 'हो' म्हणाले.

आणि डेन्व्हर? तिथे मध्यंतरी पुन्हा काही जणांना हिवाळी ऑलिम्पिकची स्वप्नं पडू लागली होती. मग जून २०१९ मध्ये शहरात आणखी एक मतदान झालं. यापुढे ऑलिम्पिकसाठी शहराचा पैसा खर्च करायचा असेल, तर आधी आम्हाला विचारा, असा नियम लोकांनी मंजूर केला. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी जणांनी!