शिशुशिक्षणातील चाचे : ॲपच्या निवडीचा विचार

तीन ते आठ वर्षे वयाच्या बालकांकरिता तयार होणाऱ्या शैक्षणिक ॲप्समध्ये काही कथाविषय पुनःपुन्हा आढळतात. शेतावरील प्राणी, अवकाशयान, डायनोसॉर आणि समुद्री चाचे हे त्यांपैकी होत. चाच्यांचा साज चढविलेल्या ॲपमध्ये सामान्यतः एक जहाज असते, जुना नकाशा असतो, खांद्यावर पोपट घेतलेला खलाशी असतो, आणि मूल अक्षर ओळखील किंवा बेरीज बरोबर करील त्या वेळी खजिन्याच्या पेटीत सोन्याचे नाणे पडते. हा सरंजाम प्रत्यक्ष इतिहासातून आलेला नाही. एकपायी खलाशी, त्याचा पोपट आणि फुलीने खूण केलेला नकाशा हे सर्व रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीने लोकप्रिय केले व पुढे चित्रपटांनी जगभर नेले. असे ॲप पनवेलच्या एखाद्या बालवर्गात अथवा घरी मुलाच्या हाती द्यावयाचे झाल्यास ते कोणत्या कसोटीवर निवडावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. पनवेलचा उल्लेख येथे केवळ उदाहरणादाखल नाही. चाचा या शब्दाला या किनाऱ्यावर जो अर्थ चिकटलेला आहे तो अन्यत्र नाही. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी शिक्षणशास्त्राचा प्रश्न पाहणे इष्ट होय.

पहिला प्रश्न असा, की कथेतील चाचा त्या पाठात नेमके कोणते काम करतो? शालोम फिश यांनी २००० मध्ये शैक्षणिक दूरदर्शन-कार्यक्रमांविषयी जी उपपत्ती मांडली ती येथे जशीच्या तशी लागू पडते. बालकाची अवधानशक्ती मर्यादित असते; तिच्यातूनच त्याला कथाही समजावून घ्यावी लागते आणि पाठही. कथा व पाठ यांत अंतर जितके अधिक, तितके अवधान कथेकडे खेचले जाऊन पाठ उपाशी राहतो. दोन्ही एकजीव असतील तर कथेकडे दिलेले लक्ष आपोआप पाठालाच पोचते. या दृष्टीने पाहता तोफ डागण्यापूर्वी ‘७ + २ किती?’ असे विचारणारे ॲप आणि ‘ताडाच्या झाडापासून ५ पावले चाल, मग डावीकडे वळ’ असे सांगणारे ॲप यांत महदंतर आहे. पहिल्यात बेरीज हा तोफेच्या वाटेतील अडथळा होय; ती काढून तेथे चित्र रंगविण्याचे काम ठेवले तरी कथेचे काही बिघडत नाही. दुसऱ्यात मोजणे हीच कथा आहे. निवड करणाऱ्याने मनातल्या मनात पाठ काढून टाकावा आणि कथा तरीही चालते काय ते पाहावे. ती सुखाने चालत असेल तर चाचा तेथे केवळ सजावटीला आहे.

बाजारातील ‘शैक्षणिक’ या शिक्क्यावर विसंबता येत नाही, हे आता संशोधनानेही दाखविले आहे. कॅथी हर्श-पासेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चार कसोट्या सुचविल्या : मुलाची बुद्धी सक्रिय होते काय, लक्ष विचलित न होता टिकते काय, शिकलेले त्याच्या जीवनाशी जोडले जाते काय, आणि दुसऱ्या माणसाशी देवघेव घडते काय. याच कसोट्या लावून २०२१ मध्ये लहान मुलांची १२४ शैक्षणिक म्हणविणारी ॲप्स तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक निकृष्ट ठरली.

चाच्यांच्या कथेत शिक्षणाच्या दृष्टीने खरोखरीचे मोल आहे ते नकाशात. खजिन्याचा नकाशा म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या वस्तूची खूण सांगणे. वाचन व गणित या दोहोंचाही पाया हाच. ज्यूडी डीलोश यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात अवश्य ध्यानात घ्यावा. एका खोलीची लहानशी प्रतिकृती करून तिच्यात एक चिमुकले खेळणे मुलाच्या डोळ्यांदेखत लपविले. मोठ्या खोलीत तसेच मोठे खेळणे त्याच जागी लपविलेले आहे असे मुलाला सांगितले. तीन वर्षांच्या आसपासची मुले मोठ्या खोलीत गेली ती सरळ त्या जागेकडे. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र बहुधा ते साधले नाही. लहान खोलीतील खेळणे कोठे आहे हे त्यांना पक्के आठवत होते, पण लहान खोली ही मोठ्या खोलीची खूण आहे हा संबंधच त्यांना जुळविता आला नाही. अवघ्या काही महिन्यांचे हे अंतर आहे. तेव्हा ‘वय २ वर्षांपासून पुढे’ असे छापलेले खजिना-शोधाचे ॲप दोन वर्षांच्या मुलासाठी नकाशा नसून केवळ बोटाने दाबावयाची चित्रे होत.

तीन वर्षांनंतर मात्र नकाशाचे खेळ उपयोगी पडू शकतात, आणि येथेच पडद्याची मर्यादाही दिसते. पडद्यावरील बेट पडद्यावरच सापडते. त्याची खूण बाहेर कोठेच लागत नाही. ज्या ॲपमध्ये घराचा, अंगणाचा, वर्गाचा नकाशा मुलाला स्वतः काढता येतो व मग प्रत्यक्ष वस्तू शोधता येते, ते अधिक सरस मानावे. असे ॲप न मिळाल्यास कागदाचा तुकडा व लपविलेली वाटी तेच काम करते. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीच्या किनाऱ्यावर बालशिक्षणाचा जो प्रयोग केला त्यात परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनाच साधनांचे स्थान होते. पनवेलच्या मुलालाही ओळखीच्या खुणा कमी नाहीत : खाडी, गाढी नदी, दूर दिसणारा कर्नाळ्याचा सुळका. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदरी उतरत असे व पुढे बोरघाट चढत असे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हा मार्ग कोणत्याही काल्पनिक बेटाच्या मार्गापेक्षा कमी रंजक ठरू नये.

संख्याज्ञानाविषयी अशीच एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. रॉबर्ट सीगलर व गीता रमणी यांनी २००८ मध्ये असे दाखविले, की १ ते १० अंकांच्या सरळ रेषेतील घरांवर सोंगटी पुढे सरकविण्याचा खेळ थोड्याच बैठकींत गरीब कुटुंबांतील शिशूंचे संख्याज्ञान स्पष्टपणे वाढवितो. त्याच पटावर अंकांऐवजी नुसते रंग असले तर तो परिणाम होत नाही. घरे वर्तुळाकार मांडल्यासही तो लाभ दिसत नाही. जहाजाने बेटामागून बेटे ओलांडीत जाणे हा खेळ म्हणजे असाच पट होऊ शकतो, परंतु बेटे क्रमाने व सरळ मांडलेली असतील आणि मूल प्रत्येक बेटाचा अंक उच्चारीत असेल तरच. पडद्यावर बेटे सुंदर दिसावीत म्हणून ती इतस्ततः विखुरली, की खेळातील गणित नाहीसे होते.

यात मराठी मुलाची एक स्वतंत्र अडचण आहे. इंग्रजीत २५ हा अंक ज्या क्रमाने लिहितात त्याच क्रमाने उच्चारतात. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, आणि ‘एकोणतीस’ म्हणताना तर अजून न आलेल्या तिसातून एक वजा करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांच्या जोडीला ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धती दिली गेली, तेव्हा केवढा वाद माजला आणि समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना तिचे किती परोपरीने समर्थन करावे लागले, हे वाचकांना स्मरत असेल. वाद कोणत्याही बाजूने सोडविला, तरी अडचण खरीच आहे. म्हणून वीसच्या पुढील अंक शिकविणाऱ्या ॲपचा आवाज इंग्रजी असेल आणि मूल मराठी माध्यमात जात असेल, तर ते ॲप त्याला शाळेत लागणारी गोष्ट शिकवीत नाही.

सोन्याच्या नाण्यांचे काय? डिस्नेच्या २०११ ते २०१६ या काळातील बालचाच्यांच्या मालिकेत प्रत्येक अडचण सोडविल्यावर नाणी मिळत, आणि ॲप्सनी ही रीत सर्रास उचलली आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेल्या शिशूंवर प्रयोग केला. बक्षीस मिळेल असे आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रे काढविली, ती मुले पुढे आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवू लागली. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्या मुलांत ही घट आढळली नाही. नाणे हे कथेच्या अखेरीस सापडलेले धन असेल तर हरकत नाही. प्रत्येक उत्तरामागे मोजलेली मजुरी असेल तर ते टाळावे.

जाहिरातींविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. २०१९ मधील एका पाहणीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या १३५ ॲप्सपैकी ९५ टक्के ॲप्समध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात आढळली. तेव्हा निवडणाऱ्याने ॲप आधी स्वतः अर्धा तास खेळून पाहावे हे बरे. वेळेची मर्यादाही सुपरिचित आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार २ ते ४ वर्षांच्या बालकांचा बसून पडद्यासमोर जाणारा वेळ दिवसाला १ तासापलीकडे जाऊ नये, व तो कमी असल्यास उत्तम.

आता शब्दाचा प्रश्न. पनवेल ज्या जिल्ह्यात आहे तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि हे नाव अलिबागच्या ज्या जलदुर्गावरून पडले तो सरखेल कान्होजी आंग्रे यांचे ठाणे होता. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजींना चाचा असे म्हटले आहे. कारण असे, की आपला दस्तक न घेता या किनाऱ्यावरून जाणारी जहाजे ते पकडीत. व्यापाऱ्यांचे त्यात नुकसान होई हे निर्विवाद. परंतु पोर्तुगीज सत्ता सोळाव्या शतकापासून आपल्या परवान्यावाचून जाणाऱ्या जहाजांशी नेमका हाच व्यवहार करीत आली होती. कान्होजी हे छत्रपतींच्या आरमाराचे अधिकारी होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. मुंबईतील नौदलाचा एक किनारी तळ १९५१ पासून त्यांचे नाव धारण करून आहे, व खांदेरीचा समावेश २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला आहे.

पाच वर्षांच्या मुलाला हा वाद सांगता येत नाही आणि सांगण्याचे कारणही नाही. पण तेच मूल चौथीत पोचले, की मराठ्यांच्या आरमाराचा धडा वाचते. त्याच्या मनात तोवर ‘समुद्रावरचा देशी माणूस म्हणजे लुटारू’ अशी जोडी बसली असेल, तर ती त्या धड्याला आडवी येते. किनाऱ्याचे लोक काळे, दाढीवाले व क्रूर आणि जहाजावरील गोरा कप्तान गमत्या, अशी वाटणी करणारी ॲप्स याच कारणास्तव बाजूस ठेवावीत. शब्दाची आणखी एक गंमत आहे. खारघर-कामोठ्याच्या वसाहतींत मराठी व हिंदी भाषिक मुले एकत्र खेळतात, आणि हिंदी भाषिक मुलाच्या लेखी ‘चाचा’ म्हणजे काका. बालवर्गातील शिक्षिकेने ‘चाचा आला, पळा’ असे म्हटल्यास अर्ध्या वर्गाला पळण्याचे कारण कळणार नाही.

ॲप परभाषेतील असले तरी ते दाखविताना शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचे शब्द मराठीच असतात, आणि हर्श-पासेक यांची चौथी कसोटी या संभाषणाचीच आहे. पडद्यावरील कप्तानाला तांडेल म्हणावे, त्याच्या सोबत्यांना खलाशी. शीड, सुकाणू, डोलकाठी, वल्हे, नांगर हे शब्द चित्रावर बोट ठेवून सांगावेत. पनवेल-उरणच्या आगरी-कोळी घरांतील मुलाला यांपैकी काही आधीच ठाऊक असतील, आणि त्या दिवशी वर्गाला शिकविण्याचे काम त्याच्याकडे जाईल.