आमवाताची वेदना आणि मनाची खिन्नता

जालना जिल्ह्यात कापूसवेचणीचे दिवस आले, म्हणजे जिची बोटे पहाटे तासभर मिटतच नाहीत अशा बाईला ना बोंडातला कापूस खुडता येतो, ना भाकरी थापता येते. आणि घरची माणसे तिला आळशी समजू लागली की तिचे मनही त्या बोटांबरोबर ताठरून जाते. शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटावी, असा हा आमवात, म्हणजेच रुमेटॉइड आर्थ्रायटिस, पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी आरंभिलेल्या पाहणीत दर 200 प्रौढांमागे सुमारे एकास तो आढळला.

दाह उत्पन्न करणारी द्रव्ये मेंदूवरही परिणाम करतात, वेदनेने झोप मोडते, आणि मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीची कळ वाढविते; म्हणून या खिन्नतेस स्वभावदोष मानणे हा रोग्यावर उघड अन्याय होय. मेथोट्रेक्सेट हे औषध या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. गुण यावयास कित्येक आठवडे लागतात, तेवढ्यात निराश होऊन ते परस्पर सोडू नये. गरम पाण्याचा शेक आणि झेपेल तेवढी हालचाल यांनीही आराम पडतो. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ही तक्रारही सांधेदुखीइतक्याच बिनदिक्कतपणे डॉक्टरांपुढे मांडावी. ‘टेली-मानस’ची 14416 ही सरकारी दूरध्वनीसेवा विनामूल्य असून अहोरात्र चालू असते.