फटफटीचा रंग किती सोयाबीनचा?

पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावायचा, बेगड चिकटवायची, पाठीवर झूल टाकायची, ही रीत आपल्या मराठवाड्यात अजून टिकून आहे. पण ज्या घरच्या दावणीला आता बैल नाहीत, तिथे तो मान दसऱ्याला मोटारसायकलीकडे जातो. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी करतात, झेंडूची माळ घालतात, हळद-कुंकू वाहतात. आणि नेमके त्याच वेळी, धूळ निघून गेल्यामुळे, टाकीवरचे पोचे, मडगार्डाखालचा गंज आणि साइडच्या डब्याचा उडालेला रंग घरातल्या सगळ्यांच्या नजरेस पडतो. मग थोरला मुलगा विषय काढतो, "बाबा, यंदा गाडीला रंग मारून घ्यायचा का?" धाकट्या मुलीचे लग्न ठरत आलेले असले, तर आईसुद्धा मुलाच्या बाजूने बोलते. राहता राहिला प्रश्न पैशाचा.

नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याने हा हिशेब सोयाबीनमध्ये करावा, म्हणजे तो चटकन कळतो. साधारण शंभर सीसीच्या गाडीची टाकी, दोन्ही बाजूंचे डबे आणि मागची शेपटी एवढाच रंग करून घ्यायचा तर आजच्या घडीला दीड ते तीन हजार रुपये लागतात. मडगार्ड, हेडलाइटचा डबा, चासी असे सगळे धरले तर चार हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत आकडा जातो. बुलेटसारखी जड गाडी पूर्ण खोलून रंगवायची म्हटली तर त्याहून वर. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे पूर्ण गाडीचा बरा रंग हा एक ते दोन क्विंटल सोयाबीनचा खर्च आहे, तोही माल हमीभावाने गेला तर! २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना बाजारात भाव त्याच्या खाली राहिला, हे कोणी विसरलेले नाही.

आता एक रंगारी तीन हजार सांगतो आणि दुसरा आठ हजार, हे कसे? पुष्कळांना वाटते की दुसरा लुटतो आहे. तसे असेलही. पण बहुतेक वेळा फरक रंगात नसून रंगाच्या खाली असतो. एका मोटारसायकलीला रंग लागतो अर्ध्या लिटरच्या आसपास. त्याची किंमत एकूण बिलात थोडी. बाकीचे पैसे आहेत ते खोलणे, घासणे, वाळवणे आणि परत जोडणे यांचे.

काम रीतसर करायचे तर आधी टाकी, डबे, मडगार्ड उतरवावे लागतात. रॉकेल किंवा थिनरने तेलकटपणा काढायचा, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे. जुना रंग फुगला असेल तर तो पत्र्यापर्यंत काढायचा. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पूर्ण घालवायचा. पोचा असेल तर तो आधी ठोकून होईल तेवढा वर आणायचा आणि मगच लांबी भरायची. लांबी वाळली की जाड पेपर, मग बारीक पेपर, मग पाणी लावून त्याहून बारीक पेपर. नंतर प्रायमर, तो घासून रंगाचे दोन-तीन हात, त्यावर स्टिकर आणि शेवटी चकाकीचा लॅकर. प्रत्येक हातामध्ये वाळायला वेळ द्यावा लागतो. या कामाला चार-पाच दिवस तरी लागतातच.

सकाळी गाडी नेली आणि संध्याकाळी चकचकीत परत मिळाली, तर समजावे की जुन्या रंगावरच नवा फवारा बसला आहे. गंज आत तसाच जिवंत असतो. पहिला पावसाळा गेला की मडगार्डाच्या कडेला रंगाला फोड येतात आणि नखाने खपली निघते. तीन हजार असे पाण्यात जाण्यापेक्षा न रंगवलेली गाडी बरी.

रंगाच्या जातीचाही प्रश्न आहे. बाजारात मुख्यतः दोन प्रकार चालतात. एक एनसी. हा थिनर उडून गेले की वाळतो, लवकर होतो, स्वस्त पडतो. दुसरा पीयू. यात हार्डनर मिसळतात आणि रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो. एनसीवर पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो आणि टाकीच्या झाकणाभोवती डाग उठतो. आपल्याकडे बाटलीतून पेट्रोल ओतण्याची सवय घरोघर आहे, म्हणून निदान टाकीवर तरी पीयूच मारून घ्यावा. रंगाऱ्याने पीयूचे पैसे घेऊन एनसी मारला का, हे पाहायला सोपा उपाय आहे. रंग पुरता वाळल्यावर, सीटखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर थिनरची चिंधी घासावी. चिंधीला रंग आला तर एनसी. मात्र ही परीक्षा घेणार असे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढचा वाद टळतो.

पूर्वी आपल्या भागात दूधवाल्यांची राजदूत असे, कोणाकडे येझदी, पाटलाकडे बुलेट. त्या गाड्यांचा पत्रा जाड. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचे दिवस सुरू झाले. पुढे पत्रा पातळ झाला आणि साइडचे डबे प्लास्टिकचे झाले. प्लास्टिकला वेगळा प्रायमर लागतो, तो न लावता मारलेला रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. डबा फुटलेला असेल तर रंगवण्याआधी नव्या डब्याची किंमत विचारून घ्यावी. कधी कधी तोच सौदा स्वस्त पडतो.

शेतकऱ्याची गाडी शहरातल्या गाडीपेक्षा लवकर का गंजते, याचे कारण तिच्या पाठीवरच्या ओझ्यात आहे. युरियाचे, डीएपीचे पोते गाडीवर आणले की सांडलेले दाणे मडगार्डाच्या सांध्यात बसतात. खत हवेतला ओलावा ओढते आणि ते खारट पाणी पत्रा खाते. फवारणीचा पंप गळका असेल तर औषधाने रंग उतरतो. दुधाचे कॅन कडा घासतात. तेव्हा खत आणलेल्या दिवशी गाडीवर दोन तांबे पाणी टाकण्याचे काम घरातल्या एखाद्या पोराकडे द्यावे. याला पैसा पडत नाही.

रंग कधी मारावा? दसऱ्याच्या आधी सगळ्यांनाच घाई असते. रंगाऱ्याकडे रांग लागते, आणि हवा तर ओलीच असते. दमट हवेत एनसी रंग मारला की त्यावर दुधट झाक येते. चैत्र-वैशाखात वावटळीची धूळ ओल्या रंगावर बसते. माझ्या मते मार्गशीर्ष-पौष हा योग्य काळ. सोयाबीन विकून झालेले असते, हरभरा अजून शेतात असतो आणि हवा कोरडी असते.

कायद्याचीही बाजू आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात रंग लिहिलेला असतो. तोच रंग परत मारला तर प्रश्न नाही. काळीची लाल केली तर आरटीओ कार्यालयात कळवून नोंद बदलून घ्यावी लागते, मग गाडी एमएच-२४ लातूरची असो की एमएच-२६ नांदेडची. बुलेटला लष्करी हिरवा रंग मारण्याची तरुणांना हौस असते, पण तो ऑलिव्ह हिरवा नियमाने संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. चासीचा नंबर रंगाखाली किंवा लांबीखाली बुजता कामा नये. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी नेली की तो नंबर वाचता आलाच पाहिजे. नवी सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवायची असेल तर आधी रंग, मग प्लेट. तिचे कुलूप एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी असो की लाल कंधारी, नुसता रंग पाहून कोणी बैल घेत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. जुनी मोटारसायकल घेताना मात्र हाच शहाणा माणूस चकाकीला भुलतो. नवा रंग दिसला की लोहचुंबकाचा तुकडा टाकीवर फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे, म्हणजे गाडी पडलेली आहे. (प्लास्टिकच्या डब्यावर चुंबक धरणारच नाही, तिथे भांडू नये.) विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे, की रंगाला घातलेले आठ हजार गाडीच्या किमतीत आठ हजार म्हणून परत येत नाहीत. टायर गुळगुळीत झाले असतील, ब्रेक लागत नसेल, चेन ढिली असेल, तर पहिला पैसा तिकडे गेला पाहिजे. रात्री पाणी द्यायला मुलगा याच गाडीवर जातो.

मग मधला मार्ग काय? टाकी आणि मडगार्ड रीतसर पीयूने, चासीला गंज काढून साधा काळा रंग आणि बाकीचे धुऊन पॉलिश. एवढ्यात गाडी नजरेत भरते आणि दोन क्विंटलाचे काम एका क्विंटलाच्या आत बसते. ठरवताना रंगाऱ्याला कागदावर लिहून मागावे: कोणता भाग, कोणता रंग, किती दिवस. निम्मे पैसे आधी, निम्मे काम पाहून.

घरी रंग मारायची हौस असेल त्यांनी हार्डनरचा पीयू फवारू नये. त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, तिला वेल्डिंगची आच लागली तर स्फोट होतो. उरलेले थिनर सोड्याच्या बाटलीत भरून फडताळात ठेवू नये, पोरे पाणी समजून तोंडाला लावतात.

रंग होऊन गाडी घरी आली की पंधरा दिवस साबण, पॉलिश लावू नये, उन्हात ताडपत्री घट्ट बांधू नये, आणि टाकीवर पोते तर मुळीच टाकू नये. नुसते पाणी आणि मऊ फडके पुरते.