उद्योग ताईंच्या नावावर, पण ओटीपी कोणाच्या मोबाइलवर?

जळगाव : उन्हाळा लागला की पिंप्राळ्यातल्या गच्च्यांवर उडदाचे पापड, बिबड्या आणि कुरडया वाळू लागतात. घरापुरतं करता करता ऑर्डर घेणाऱ्या ताई पुढे उद्यम नोंदणी करतात, कर्जासाठी अर्ज करतात. कागदावर मालक त्याच. पण भाव कोण ठरवतं? बँकेत कोण जातं?

आकडे काय सांगतात?
केंद्र सरकारने 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, 1 जुलै 2020 पासून उद्यम पोर्टलवर नोंदवलेल्या उद्योगांपैकी 20.5 टक्के महिलांच्या मालकीचे आहेत. गुंतवणुकीत त्यांचा वाटा 11.15 टक्के, तर उलाढालीत 10.22 टक्के. म्हणजे पाचातला एक उद्योग महिलेचा, पण दहा रुपयांच्या उलाढालीत तिचा जेमतेम एक रुपया.

'महिला उद्योग' कशाला म्हणतात?
केंद्राच्या खरेदी धोरणानुसार एकल मालकीत मालक महिला हवी. भागीदारी किंवा खासगी कंपनीत महिलांचा हिस्सा किमान 51 टक्के हवा. केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांनी वार्षिक खरेदीतील 3 टक्के माल अशा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. ही अट मालकी मोजते. निर्णय कोण घेतं, हे मोजत नाही.

नावापुरतं मालक होण्यात धोका काय?
पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातील सर्वसाधारण गटाच्या पुरुषाला 15 टक्के अनुदान मिळतं, महिलेला 25 टक्के. स्वतःची रक्कमही तिला 10 ऐवजी 5 टक्केच भरावी लागते. त्यामुळे घरातून 'तुझ्या नावावर करू' असं सहज म्हटलं जातं. पण हप्ता थकला तर नोटीस तिलाच येते आणि सिबिल स्कोअरही तिचाच घसरतो.

वेगळी वाट आहे का?
आहे. 1959 मध्ये मुंबईत गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणारी बहीणच सहमालक असते.

काय तपासावं?
• उद्यम, जीएसटी आणि बँक खात्याला तुमचाच मोबाइल नंबर जोडलाय का?
• कोऱ्या चेकवर सही करून ठेवलीय का?
• उधारीची वही कोणाकडे असते?

उद्यम नोंदणी मोफत आहे, नंबरही बदलता येतो. ओटीपीसाठी मुलाला हाक मारावी लागत असेल, तर पहिला बदल तिथूनच करा.